रेगच्या हातचं सिमेंट

हॅझलकोट गावात सहाशे वर्षांचं दगडी धान्यकोठार आहे, आणि तितकाच टणक रेग टॅपलिन गवंडी. वय त्र्याहत्तर. चर्चचा मनोरा, ओढ्यावरचा पूल, कोठार, सगळ्यांची दुखणी त्याला तोंडपाठ.

त्या वसंतात कोठाराच्या दक्षिण भिंतीचे दगड पापुद्र्यागत सुटायला लागले. शहरातला इंजिनिअर म्हणाला, पाडा आणि ब्लॉकची बांधा. पंचायतीची सभा कोठारातच भरली. पाडायच्या बाजूनं हात वर झाले, की भिंत गेली.

रेग उठला. पिशवीतनं छिन्नी काढली.

"भिंतीला गुदगुल्या करतोस का म्हाताऱ्या?" पबवाला लेन ओरडला.

"तू तुझ्या बिअरमधलं पाणी मोज."

रेगनं सांध्यावर दोन ठोके घातले. सिमेंटची खपली पडली. मागचा दगड पावागत भिजलेला, बोट आत गेलं. वरचा जुन्या चुन्याचा सांधा उकरला, तो कोरडा ठाक.

"चुन्यातनं भिंतीचं पाणी निघून जातं. सिमेंटनं तिचं तोंड दाबलं. पाणी दगडात मुरलं, थंडीत गोठलं, दगड फुटला. भिंत थकली नाही, गुदमरलीय."

"कुणा गाढवानं भरलं हे?" पंचायतीची प्रमुख डोरीन पिंचबेक कडाडली.

रेगनं बाहेरच्या ठेकेदारावर ढकललं असतं तरी खपलं असतं. त्या वेळचे साक्षीदार चर्चमागच्या मातीत निजलेले.

"मी," रेग म्हणाला. "बावीस वर्षांचा होतो. बाप सांगत होता, चुना मळ. मला घाई. बापालाच अडाणी म्हणालो."

लेन हळूच बोलला, "मग निस्तर की आता."

"त्यासाठीच उठलोय. गाणं म्हणायला नाही."

पाडायला एकही हात वर झाला नाही.

पुढचे दोन उन्हाळे रेग त्या भिंतीला चिकटून होता. यंत्रानं दगडाची कड उडते म्हणून सांधा न् सांधा हातानं उकरला. ताज्या चुन्याला ऊन लागू नये म्हणून ओलं गोणपाट लावलं. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवावी, तसं.

भिंत आज उभी आहे. फक्त दाराशेजारी वीतभर सिमेंट त्यानं मुद्दाम ठेवलंय. त्याखालचा दगड दर हिवाळ्यात थोडा झडतो.

"तेवढं काढ की," डोरीन म्हणते.

"राहू दे बाई. नव्या गवंड्यानं आधी ते बघावं, मग थापीला हात घालावा."