सुईच्या टोकाएवढं तेल

घड्याळजींनी आयुष्यात कधी साधी स्कूटरसुद्धा चालवली नव्हती. पेट्रोलच्या वासानं त्यांचं डोकं उठायचं. असा माणूस वयाच्या एकसष्टाव्या वर्षी स्वयंपाकघरातल्या टेबलावर इंजिन उघडून बसला म्हटल्यावर शेजारीपाजारी हसले नसते तरच नवल.

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून दीड वर्ष झालं होतं. बँकेच्या जिन्याखालचं इवलंसं दुकान, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. लोक वेळ मोबाईलमध्ये बघायला लागले तशी घड्याळं येईनाशी झाली, आणि आली तरी नुसता सेल बदलायला. चाळीस वर्षं भिंगाखाली काम केलेल्या माणसाला सेल बदलणं म्हणजे अपमानच. एक दिवस त्यांनी शटर ओढलं ते ओढलंच. घरात रिकामा बसलेला पुरुष हा काय ताप असतो ते त्यांच्या बायकोला विचारा! डब्यांची झाकणं नीट लागतात का बघ, नळ आवळ, सरळ असलेलं कॅलेंडर आणखी सरळ कर. 'अहो, जरा फिरून तरी या,' म्हणून म्हणून ती बिचारी थकली.

बायकोचा भाऊ झाडं तोडायचा. चाळिशी उलटली तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. आई लवकर गेली, म्हणून बहिणीनं लग्न होऊन येताना त्याला सोबतच आणला. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्या दिवसापासून घड्याळजी त्याचे दाजी झाले. दाजींसमोर त्यानं कधी आवाज चढवला नाही की पाय पसरले नाहीत. दाजी म्हणाले असते की आज सूर्य मागच्या दाराला उगवलाय, तर हा पठ्ठ्या मुकाट्यानं मागच्या दारी जाऊन बसला असता.

इतकी वर्षं धाकटा दुसऱ्याच्या मशीनवर राबला. मुकादम सांगेल तिथं जायचं, तो देईल ते घ्यायचं आणि त्याच्या शिव्या खायच्या. आता कुठे नशिबानं रस्त्याकडेची कललेली झाडं काढायचं वर्षभराचं काम त्याच्या स्वतःच्या नावावर मिळत होतं. अट एकच, मशीन स्वतःचं हवं आणि तीन महिन्यांनी पहिल्या तारखेला हजर हवं. नवं चेनसॉ, म्हणजे साखळीच्या करवतीचं मशीन, घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून त्यानं भंगारवाल्याकडून एक जुनं उचलून आणलं. मेकॅनिकनं सुरू करायची दोरी ओढली, ती तुटून त्याच्या हातात आली, आणि तो म्हणाला, 'फेकून दे.'

'आण इकडे,' घड्याळजी म्हणाले.

'दाजी, इंजिन आहे हे.'

'मग? चाकंच असणार ना आत? आण.'

चाकं नव्हती, हे त्यांना तासाभरातच कळलं. आत होता तो काजळीचा गोळा. त्यांनी टेबलाच्या कडेला जुनी चादर टाचून तिचं दुसरं टोक स्वतःच्या गळ्यात बांधलं, म्हणजे निसटलेला तुकडा मांडीवर पडेल. दुकानात ते असंच बसायचे. बायको म्हणाली, 'दाढी करायला बसल्यासारखे दिसताय.' पण पिस्टनच्या पिनेचं एवढंसं लॉक टिचकी मारून उडालं ते बरोब्बर त्या चादरीतच पडलं, आणि घड्याळजींनी बायकोकडे असं पाहिलं की ती हसू दाबत आत गेली.

खरं सांगायचं तर त्या तीन महिन्यांत माणूस पुन्हा जिवंत झाला. प्रत्येक स्क्रू वेगळ्या झाकणात ठेवला आणि झाकणाखाली चिठ्ठी लावली. कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा वाळक्या चामड्यासारखा कडक झाला होता. तो बदलला. पेट्रोलची नळी बोटात चुरली. तीही नवी घातली. जुन्या पिस्टनच्या रिंगा काजळीत घट्ट चिकटलेल्या, पिस्टनवर उभे ओरखडे. नवा पिस्टन आणि रिंगा आणायला ते बसनं दोन तास लांबच्या शहरात गेले. सिलिंडर बारीक पॉलिश पेपरनं घासून घासून आठवडा घालवला. जेवताना अचानक उठायचे आणि हात धुवून भिंग लावून बसायचे. 'जेवा आधी,' असं बायको ओरडायची, पण मनातून तिला बरं वाटत होतं. भावाचं काम होतंय आणि नवराही माणसात आला, तिला आणखी काय हवं होतं?

मशीन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा घड्याळजींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण लगेच त्यांनी नाक मुरडलं, कारण निळा धूर! स्पेअर पार्टच्या दुकानदारानं सांगितलं होतं की या इंजिनाला वेगळं तेल नसतं, पेट्रोलातच मिसळायचं, लिटरला चाळीस मिली. मापाची बाटलीही त्यानंच दिली होती. धुरानं बायको खोकली, शेजारीण खिडकी आपटून गेली आणि प्लग काळा झाला.

'चाळीस मिली! हे मशीन आहे की तळणीची कढई?' घड्याळजी चिडले.

आता या माणसाचं चाळीस वर्षांचं शिक्षण बघा. घड्याळात तेल घालायचं ते सुईच्या टोकावर जेवढं राहील तेवढंच. थेंब जास्त झाला की धूळ धरते, धूळ धरली की चाक अडतं आणि घड्याळ मेलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकानं जास्त तेल घातलं म्हणून बोलणी खाल्ली होती. दुकानदार काय, तेल विकायलाच बसलाय! घड्याळजींनी तेल वीसवर आणलं. धूर कमी झाला. मग दहावर आणलं. धूर गेला, आवाज खणखणीत झाला, प्लग कोरडा निघाला. त्यांनी बायकोला हाक मारली, 'ये, बघ! याला म्हणतात स्वच्छ चालणं.'

धाकटा न्यायला आला तेव्हा त्यांनी बायकोलाही बोलावून अंगणात मशीन सुरू करून दाखवलं. धाकट्यानं ते हातात घेतलं, दोनदा रेस दिली, धुराड्याकडे बघितलं.

'दाजी, तेलाचं प्रमाण बरोबर आहे ना?'

'मला शिकवतोस?' घड्याळजी हसत म्हणाले. 'चाळीस वर्षं यंत्रांना तेल पाजलंय मी.'

धाकटाही हसला. दाजींनी मिसळून ठेवलेला पाच लिटरचा डबा त्यानं उचलला, त्यांच्या पायाला हात लावला आणि गेला.

त्याच दिवशी काढायचं पहिलं झाड शाळेच्या भिंतीवर कललेलं होतं. कललेलं झाड कापताना मध्ये थांबायचं नसतं, हे त्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. खोडाला आतून ताण असतो, अर्धवट कापलं तर ते उभं चिरतं आणि बुंधा मागे उसळतो. धाकट्यानं समोरची खाच घेतली, मागून कापायला सुरुवात केली. निम्म्याच्या पुढे गेला असेल, तोच मशीनचा आवाज चढला, किंचाळल्यासारखा झाला आणि टक्कन बंद पडला. साखळी खोडात अडकली. बरोबरचे दोघे ओरडले, 'सोड ते! पळ!' त्याला पळता आलं असतं. त्या दोघांनी नंतर पोलिसांना हेच सांगितलं, तो मशीन ओढत राहिला, 'दाजींनी तीन महिने खपून केलंय रे,' म्हणाला, आणि तेवढ्यात खोड फाटलं.

उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.

चौथ्या दिवशी कोणीतरी मशीन घरी आणून टाकलं. बायको इस्पितळात होती. घड्याळजींनी ते उघडलं. भिंगसुद्धा लावावं लागलं नाही. नवा पिस्टन सिलिंडरला वितळून चिकटला होता, आणि आत तेलाचा ओशटपणा औषधालाही नव्हता. माणूस तो पिस्टन सोडवत बसला. दुपारभर तिथंच होता. संध्याकाळी उठून इस्पितळात गेला तो सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच.

बायको थर्मास भरायला खाली गेली होती. धाकटा भिंतीला टेकून बसला होता, चादर एका बाजूला सपाट पडलेली.

'दाजी, उघडलंत का मशीन?'

'उघडलं.'

'तेल कमी पडलं ना?'

घड्याळजी चादरीची सुरकुती सरळ करत राहिले.

'मला अंगणातच कळलं होतं. नवा पिस्टन आणि धूर अजिबात नाही, असं कुठं असतं?'

'मग बोलला का नाहीस, गाढवा?' घड्याळजींचा आवाज फाटला. 'दोन मुस्कटात मारायच्या मला!'

'तुम्हाला?' धाकटा खरंच बुचकळ्यात पडल्यासारखा बघत राहिला. 'एवढे खूश होतात तुम्ही. ताई पण होती समोर. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या आपलं आपण घालू थोडं.'

तेवढ्यात बायको आली. दोघांचे चेहरे बघून दारातच थांबली. 'काय झालं? काय बोलताय?'

'काही नाही गं ताई,' धाकटा पटकन म्हणाला. 'दाजी म्हणताहेत, मशीनच मुळात जुनं होतं. त्याला कोण काय करणार?'

अहो, बोला की! जीभ काय झडली होती? पोरगं पायानं गेलं, आता निदान खरं तरी त्याच्या बहिणीच्या पदरात टाका. घड्याळजींनी तोंड उघडलं. बायको त्यांच्याकडे बघत होती. चार दिवसांत तिनं केस विंचरले नव्हते.

'हो,' घड्याळजी म्हणाले. 'जुनंच होतं.'

तिनं जवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. 'जिवाला लावून घेऊ नका हो. तुम्ही केलंत तेवढं सख्ख्या भावानं केलं नसतं त्याच्यासाठी.' मग तिनं थर्मास उघडला, चहा ओतला आणि पहिला कप त्यांच्या हातात दिला, धाकट्याच्याही आधी. घड्याळजींनी तो सगळा प्यायला.