खरेसाहेबांचा वड

गोल्फ खेळणाऱ्या माणसाचं घरी कुणी ऐकून घेत नाही, म्हणून त्याचे किस्से क्लबात साचत जातात. बनारसच्या आमच्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्याच्या कॉलनीत नऊ होलचा छोटा कोर्स होता. नव्वदच्या दशकात आम्ही दहाबारा जण पहाटे तिथे असायचो. खेळ यथातथाच, पण नंतरचा चहा तासभर चालायचा. त्या चहावरचे निम्मे किस्से एकट्या खरेसाहेबांचे!

*

खरेसाहेब क्लबचे सेक्रेटरी, अमृतराव घाटाजवळच्या जुन्या मराठी घराण्यातले. बॉल सरळ मारायचे, पण तो जेमतेम लांब जायचा. फाउंड्रीतले पांडेजी नेमके उलटे. गालात पान धरून असा ड्राइव्ह हाणायचे की बॉल पडलेला कुणाला दिसायचा नाही. शेवटच्या होलची वाट तळ्यापाशी काटकोनात वळते. साहेब इमानदारीत वळणाने जायचे आणि पांडेजी कोपऱ्यावरून थेट पलीकडे. वार्षिक कप दरवर्षी याच होलवर हातचा जायचा. साहेब वैतागून म्हणायचे, "आम्ही सडकेने जातो आणि हा मनुष्य गल्लीतून!"

रिटायर व्हायच्या आत कप एकदा तरी घरी न्यायचाच, हे त्यांनी फार मनावर घेतलं होतं. त्यांनी उपाय काढला: कोपऱ्यात झाडं लावायची.

*

रामनगरहून नावेने अशोकाची रोपं आली. आठवड्यात शेळ्यांनी फस्त केली. पुन्हा लावली, तेव्हा स्वतः पांडेजींनी खर्च करून भोवती जाळ्या बसवून दिल्या. साहेबांना काही उमजेना. पांडेजी म्हणाले, "पेड़ रहेगा तो निशाना अच्छा बैठेगा, साहब."

*

मग नीलगिरी लावली. ती भराभर वाढली. पांडेजी थोडं उंच मारू लागले, एवढाच फरक पडला. साहेबांचा बॉल मात्र खोडावर आपटून मागे यायचा. एकदा तर तो त्यांच्या पाठीमागे जाऊन पडला. फटका मारून पुढे जाण्याऐवजी होतो त्याच्याही मागे गेलेले ते आमच्या क्लबातले एकमेव खेळाडू.

*

शेवटी मोठाच बेत झाला. नव्या शेडच्या जागेत एक भरदार वड होता, तो तोडायचं ठरलं होतं. साहेबांनी सारे वशिले लावून कारखान्याची क्रेन मिळवली आणि इंजिनं उचलणाऱ्या त्या क्रेनने वड मुळांसकट उचलून कोपऱ्यात आणून बसवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पांडेजी नारळ घेऊन आले, वडाला नमस्कार करून तो फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. नंतर टीच्या खुंटीवर बॉल ठेवला आणि वडावरूनच मारला.

*

वड जगला. साहेबांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. जूनमध्ये कपच्या दिवशी पहाटे बघतो तो वडाभोवती कॉलनीतल्या पन्नासेक बायका, पूजेची ताटं घेऊन! इकडच्या बायकांची वटसावित्री अमावास्येला असते, हे कमिटीच्या ध्यानातच नव्हतं. मॅच रद्द झाली. साहेबांनी लगेच पुढची तारीख जाहीर केली, बरोब्बर पंधरा दिवसांनी. आम्हा मराठी मंडळींपैकीही एकाला शंका आली नाही.

पंधरा दिवसांनी पौर्णिमा होती.

शेवटच्या होलवर दोघे बरोबरीत पोचले, तेव्हा वडाभोवती नऊवारीतल्या सात-आठ मराठी बायका फेऱ्या घालत होत्या. त्यांत खरेकाकूही. पुन्हा तारीख बदलली तर तोवर साहेब रिटायर होणार, म्हणून खेळ चालू ठेवला. बायकांच्या डोक्यावरून मारायला पांडेजींचा हात धजेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हळू मारला आणि बॉल तळ्यात गेला.

आता साहेबांना साधा फटका पुरे होता. तो त्यांनी मारला. बॉल घरंगळत बुंध्याशी गेला आणि सुताच्या फेऱ्यांत नेमका अडकला. सगळ्यांत वरचं सूत काकूंचं, रीळ अजून त्यांच्या हातातच.

साहेब काठी सरसावून उभे राहिले. काकू शांतपणे म्हणाल्या, "मारा की. सूत तुटलं तर पुढच्या सात जन्मांचं तुमचं तुम्ही बघा."

साहेबांनी एकदा पलीकडे टेबलावर मांडलेल्या कपकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग पांडेजींना हळूच विचारलं, "पांडेजी, सोचने का टाइम कितना मिलता है?"