तिसऱ्या सोमवारनंतरचा मंगळवार

मला पळायचा मुळातच कंटाळा, म्हणून मी गोलकीपर झाले. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघात निवड अशीच व्हायची. उंच मुली व्हॉलीबॉलवाले उचलायचे, चपळ मुली खो-खोत जायच्या, आणि उरलेल्या आम्ही. क्रिकेटला आख्खं मैदान, आम्हाला कोपऱ्यातला उताराचा तुकडा. दरवर्षी पहिल्याच फेरीत हरायचो आणि येताना मिसळ खाऊन घरी जायचो. मिसळवाले काका सामना सुरू व्हायच्या आधीच फोन करून विचारायचे, किती जणी आहात, पाव बाजूला काढून ठेवतो.

माझ्या शेवटच्या वर्षी, जूनमध्ये, नव्या कोच आल्या. कोल्हापूरच्या. तिशी कधीच ओलांडलेली, काटक बाई, गळ्यात काळ्या दोऱ्यातली शिट्टी. खेळाडू म्हणून गाजलेल्या होत्या, पण तिकडे बाईला कोच म्हणून कुणी ठेवेना. म्हणून दोन बॅगा घेऊन इथे नाशिकला, इंदिरानगरात एका खोलीत राहायला आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी दहा मिनिटं आमचा खेळ पाहिला आणि शिट्टी मारली.

"कुणी दाणं टाकल्यात काय हितं?" त्यांनी विचारलं.

आम्ही खरंच खाली बघितलं. आपल्याला कोंबड्या म्हटलंय हे कळायला थोडा वेळ लागला. कॅप्टनला फार लागलं ते. पण बाई खरं बोलत होत्या. बॉल जिथे जाईल तिथे आमच्या दहाच्या दहा जणी धावायच्या, आणि बॉल त्यांच्यातून निसटला की मागे मी एकटी.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मैदानावर पांढऱ्या फक्कीने दहा गोल रिंगणं आखली आणि प्रत्येकीला एकेका गोलात उभं केलं. गोल सोडायचा नाही, बॉल एकमेकींकडे द्यायचा. "पळायचं काम बॉलचं हाय. तुमी कशाला पळतायसा?" पुढचे दोन महिने आम्ही अशा उभ्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, मुलींना शिक्षा केलीये. आणि खेळ सुरू झाला की मुली दोन मिनिटांत सगळं विसरून पुन्हा दाणे टिपायला पळायच्या त्या पळायच्याच. मॅडम कपाळाला हात लावायच्या आणि पुन्हा फक्कीचा डबा मागवायच्या.

मी तशी चिडकी. कुणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. पण जुलैत एकदा माझे हातमोजे फाटले, तर मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्वतःचे जुने मोजे आणून दिले, तळव्याला हाताने शिवलेले. त्या दिवसापासून मला त्या आवडायला लागल्या, आणि ते लपवायला मी त्यांच्याशी जास्तच तुसडेपणाने वागायला लागले.

ऑगस्टमध्ये जिमखान्याच्या शिपाईमामांनी आम्हाला बाजूला घेतलं. "औंदा बी पह्यल्याच फेरीत परत आल्या, तर फुटबॉल बंद. अन् मॅडमला बी नारळ. सायबांनी तसं सांगेल हे त्यांना."

सायब म्हणजे आमचे प्रिन्सिपल. मॅडमना हे जूनपासून माहीत होतं आणि आम्हाला त्यांनी अवाक्षर सांगितलं नव्हतं. मग कॅप्टन म्हणाली, "त्र्यंबकची फेरी करू."

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालायला निम्मं नाशिक जातं. वीसेक किलोमीटर, चिखल, दगड, आणि बरेच जण अनवाणी. आमचा पहिला सामना होता त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी. वेळापत्रक बनवणारा नाशिकचा नसावा.

"अगं, नवस जिंकल्यावर फेडतात," मी म्हटलं.

"आधी घातलेली बरी. देव काय उधारीवर बसलाय?"

आमची मधल्या फळीतली मैत्रीण बौद्ध घरातली. ती म्हणाली, "माझा या देवाबिवावर विश्वास नाही. पण मॅडम राहायला पाहिजेत." आणि सगळ्यांचे डबे पाठीवर घेऊन तीच सर्वांत पुढे चालली.

मॅडमनी शनिवारी बजावलं होतं, "सोमवारी सराव न्हाई. पाय वर करून पडायचं. जिनासुद्धा चढायचा न्हाई." आम्ही अकराच्या अकरा जणींनी मान डोलावली होती. सोमवारी पहाटेची बस धरली, कुशावर्त कुंडात पाय बुडवले आणि चपला पिशवीत टाकून निघालो. भोलेनाथाचा गजर, वरून भुरभुर, पायाखाली टोकदार खडी. फार मजा आली, खोटं कशाला सांगू.

मंगळवारी सकाळी मला पलंगावरून उतरता येईना. पोटऱ्यांचे दगड झाले होते, तळव्यांना फोड. मैदानावर रिक्षांतून आम्ही एकेक पाय हाताने उचलून बाहेर ठेवत उतरलो. मॅडम बघत होत्या. काय झालं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, देवापासून शिपाईमामांपर्यंत सगळं.

त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. "एक दिस निजून ऱ्हावा म्हटलं हुतं," त्या म्हणाल्या, "एवढंच मागितलं हुतं मी." आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. शिट्टीचा दोरा बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मला स्वतःच्या पायांची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आपण त्यांच्या प्रेमापोटीच त्यांची नेमणूक घालवून बसलो, हे मला तेव्हा स्वच्छ दिसलं.

तेवढ्यात समोरच्या कॉलेजची बस आली. दार उघडलं. पहिली मुलगी दांडी धरून उलटी उतरली. दुसरी पायरीवर बसून घसरत खाली आली. त्यांची गोलकीपर तर दोघींच्या खांद्यांवर हात टाकून. मग रेफरी आले, बुटांच्या टाचा दुमडून स्लिपरसारखे घातलेले. शेवटी प्रिन्सिपल सर आले. अंगठ्याला पट्टी, पायात चप्पल. आल्या आल्या त्यांनी खुर्ची मागवली.

मॅडमनी सगळीकडे एकदा नजर फिरवली. "ह्या गावात सरळ चालणारं कुणी हाय का न्हाई?" त्यांनी विचारलं, आणि हसायला लागल्या. डोळे पुसत हसत होत्या. मग आम्हाला जवळ घेतलं. "पळायला तुमाला येणार न्हाई. त्यांनाबी न्हाई. आपापला गोल आठवा आणि त्यात उभ्या ऱ्हावा. बॉल काय फेरीला गेला नव्हता."

समोरच्या मुली सवयीप्रमाणे बॉलमागे लंगडत धावल्या आणि पंधरा मिनिटांत बसल्या. आमच्या मुली जागच्या हलल्याच नाहीत. त्यांना हलताच येत नव्हतं. दोन महिने जे डोक्यात शिरलं नव्हतं ते पोटऱ्यांनी एका सकाळी शिकवलं. बॉल एकीकडून दुसरीकडे शिस्तीत जात राहिला.

मध्यंतरात मॅडम तेलाची बाटली घेऊन चिखलात गुडघे टेकून बसल्या आणि आमच्या पोटऱ्या चोळायला लागल्या. आम्ही पाय मागे ओढले. गुरूने आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे पापच. "पाय हाईत, देव न्हवंत," त्या म्हणाल्या, "दे हिकडं."

दुसऱ्या हाफमध्ये आमचा गोल झाला. कॅप्टनने हळूच मारलेला बॉल घरंगळत गेला. त्यांच्या गोलकीपरला तो नीट दिसत होता, पण तिला वाकायला वेळ लागला. शेवटी शेवटी त्यांचा एक फटका माझ्याकडे आला. मी झेप घेतली असं मी पुढे कित्येकांना सांगितलंय. खरं म्हणजे माझे गुडघे दुमडले, मी आडवी झाले आणि बॉल मॅडमच्या शिवलेल्या मोज्यावर येऊन आदळला.

जिंकलो. पुढच्या फेरीत मालेगावकडच्या मुलींनी आम्हाला पाच गोल हाणले, पण ते नंतर. त्या दिवशी प्रिन्सिपल सरांनी टाळ्या वाजवल्या, उठायचा एक प्रयत्न केला आणि खुर्चीतूनच म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी तेवढं वेळापत्रक आधी बघून घ्या."

पुढच्या वर्षी. मॅडमनी नुसती मान हलवली. शिट्टी हातात घट्ट धरलेली होती.

आम्ही अकरा जणी त्यांच्या पाया पडायला पुढे झालो. कॅप्टन वाकायला गेली आणि अर्ध्यातच अडकली. मीही अडकले. एकीचाही हात त्यांच्या पायांपर्यंत पोचेना. मॅडमनी आमच्याकडे बघितलं, मग दुसरीकडे.

"उभ्याच ऱ्हावा गं," त्या म्हणाल्या. "दोन महिनं तेच शिकवलंय."