क्लेमच्या फाईलमधला माझा जबाब

नोकरीतलं बरंच काही विसरलो, वरिष्ठांच्या शिव्यासुद्धा. पण कराडजवळच्या त्या लेथ मशीनचं प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही. त्यातली माणसं अजून तिथंच राहतात, म्हणून नावं लिहीत नाही. माझं का लिहीत नाही, ते पुढं कळेलच.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक निवृत्त सुभेदार तक्रारी अर्ज घेऊन आले. लष्करातून परतल्यावर त्यांनी साखर कारखान्यांचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप टाकलं होतं. सगळा धंदा एका यंत्रावर, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर. खंडेनवमीला त्याची पूजा झाली, दसऱ्याला रिवाजाप्रमाणे ते बंद राहिलं, आणि आज बटण दाबताच पॅनेलमधून धूर निघाला. मेकॅनिक म्हणाला, आत पाणी गेलंय.

"साहेब, विमा आहे," सुभेदार म्हणाले. "पण कंपनीचे सर्व्हेअर फोनवरच म्हणाले, पाणी गेलं कसं ते सिद्ध करा, नाहीतर क्लेम विसरा. मशीन उभं राहिलं नाही तर शटर खाली ओढावं लागेल." ताठ उभं राहून त्यांनी अर्ज माझ्या टेबलावर ठेवला.

दुपारी ठाण्यात निनावी फोन. "त्या ऑपरेटरला धरा. रजेवरनं मालकाबर भांडला हुता."

ऑपरेटर चाळिशीचा, माण तालुक्यातला. त्याला आणून तासभर बाकावर बसवला आणि स्टेशन डायरीला तशी नोंद केली. माणूस वाट बघून बघून बोलता होतो, असा माझा सिद्धांत. हा सिद्धांत आमच्या सौभाग्यवतींवर एकदाही चालला नाही, पण ते असो.

"पाणी तू टाकलंस?"

"न्हाई सायेब."

"मग कुणी?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग फरशीकडं. "त्ये इचारू नका."

"म्हणजे माहीत आहे तुला!"

"म्हाईत हाय. पन सांगनार न्हाई. मला लेकरंबाळं हाईत सायेब."

मला तर आनंदच झाला. माहीत असून सांगत नाही, म्हणजे हा यात आहे. मी विजयी मुद्रेनं आमच्या हवालदारांकडं पाहिलं. हवालदार खिडकीबाहेर काहीतरी बघत होते.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून सर्व्हेअर आले. दोन पंच, हवालदार, ऑपरेटर, सगळे वर्कशॉपमध्ये जमलो. सर्व्हेअरनी पॅनेलचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि बोटं एकमेकांवर चोळली.

"हे साधं पाणी नाही. चिकट आहे." मग चिमट्यानं त्यांनी एक बारीकशी करवंटीची कपची बाहेर काढली.

मी गरजलो, "विजेच्या यंत्रावर नारळ कुणी फोडला? एवढी अक्कल नाही?"

सुभेदार गोंधळून म्हणाले, "मी तेव्हा पेढे आणायला घरात गेलो होतो." हवालदार स्वतःच्या बुटांकडं बघू लागले. शेवटी ऑपरेटर हळूच म्हणाला,

"आवं सायेब, तुमीच की."

पंचनाम्याच्या कागदावर माझा पेन होता तिथंच थांबला. आणि सगळं दिसायला लागलं. खंडेनवमीला ठाण्यातली शस्त्रपूजा आटोपून मी गावभर प्रमुख पाहुणा म्हणून हिंडलो होतो; इतके नारळ फोडले की कुठला कुठं ते डोक्यात राहिलं नव्हतं. इथं ऑपरेटरनं जमिनीवर धुतलेला दगड मांडून ठेवला होता. "सायेब, हितं फोडा." त्यावर मी म्हणालो होतो, "अरे, पूजा दगडाची आहे का मशीनची?" आणि लेथच्या लोखंडी कडेवर, पॅनेलच्या जाळीला लागूनच, नारळ हाणला होता. एका दणक्यात फुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन तो दणका मी जेवताना दोनदा सांगितला होता!

त्या वेळी हवालदार माझ्या शेजारीच उभे होते. आता ते कानाशी लागले. "साहेब, पंचनाम्यात उंदीर घालू या का? नारळाचा तुकडा त्यानंच आत ओढला म्हणून?"

सुभेदारांनी हात जोडले. "साहेब, तुमचं नाव नको यायला. माझं मी बघतो काहीतरी."

खोटं कशाला बोलू, उंदीर मला क्षणभर फार जवळचा वाटला. पण समोर ऑपरेटर उभा होता. डायरीत संशयित म्हणून त्याचं नाव माझ्याच अक्षरात होतं. उंदरानं सुभेदारांचा क्लेम एखाद वेळेस निघाला असता, त्या माणसावरचा डाग निघाला नसता.

मी वरिष्ठांना कळवलं. चौकशी शेजारच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याकडं गेली. नोकरीभर लोकांचे जबाब घेतले, तो पहिला मी दिला. 'समक्ष विचारल्यावरून सांगतो की, सदर नारळ मीच फोडला.' लिहून घेणाऱ्याला मध्येच दोनदा पाणी प्यायला बाहेर जावं लागलं. वरिष्ठांनी काय सुनावलं, ते मात्र विसरलो.

अपघात म्हणून क्लेम मंजूर झाला, लेथ पुन्हा फिरू लागला. ऑपरेटरची माफी मागायला गेलो तेव्हा विचारलं, "बाबा रे, त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"कुनाला सांगू सायेब? ठान्यात तक्रार ऐकायला तुमीच बसला हुता."

गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतोय, एवढंच मला शिकवलं गेलं होतं. तो आपल्यालाच भीत असेल, ही शंका मनाला कधी शिवली नव्हती. त्याआधी माझ्या बाकावर असे किती गप्प बसून गेले असतील, कोण जाणे.

खंडेनवमीचं बोलावणं अजून येतं. ऑपरेटर नारळ हातात देतो. जमिनीवर धुतलेला दगड मांडलेला असतो. मी खाली बसतो आणि तिथंच फोडतो.