काकूंच्या हॉलमधला फ्रेंच पुतळा
झेंडूचा वास आला की मला पनवेलच्या आमच्या शेजारच्या काकूंच्या हॉलमधला ब्राँझचा पुतळा आठवतो. त्यांच्या मुलाने तो जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणला होता, छातीपर्यंतचा, हिरवट डाग पडलेला, खाली नाव कोरलेला, फ्रान्सच्या एका क्रांतिकारक पुढाऱ्याचा. काकूंचं माहेर शिरढोण, म्हणजे इंग्रजांच्या कैदेत मेलेल्या एका क्रांतिकारकाचंच गाव, त्यामुळे त्यांना एवढं पुरेसं होतं. पंधरा ऑगस्टला त्यांनी पुतळा चिंचेने घासून लख्ख केला, झेंडूचा हार घातला आणि मी शाळेत इतिहास शिकवते म्हणून मला विचारलं, "याला पन इंग्रजांनीच मारला ना?" मी म्हटलं, "नाही काकू, याच्याच लोकांनी याचं मुंडकं उडवलं." "का?" "त्याआधी याने त्यांच्यातल्या पुष्कळांची उडवली होती." हार सारखा करणारा काकूंचा हात तिथेच थांबला. "मंग हा चांगला हाय का नाय? हार ठेवू का काढू?" फ्रेंच क्रांतीचा धडा मी कितीतरी वर्षं शिकवत होते, पण हे मला कुणी विचारलंच नव्हतं. "बघून सांगते," म्हणून मी घरी आले. अजूनही तो धडा आला की मी फळ्यावर तारखा लिहिते आणि घंटेची वाट बघते.