मानेसरला मारलेले हँडल

माझ्या मोडक्या मनगटाची जी कथा मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत सांगतात, ती खोटी आहे. म्हणे, ‘काकांना त्यांच्या साडूंनी हँडल मारलं.’ दिल्लीत वाढलेल्या मुलांना ‘हँडल मारणे’ म्हणजे डोक्यात घालणे एवढेच ठाऊक. जुन्या गाडीच्या नाकाखाली लोखंडी दांडा खुपसायचा, तो गरकन फिरवून इंजिन जागे करायचे, यालाही आपण तेच म्हणतो.

मानेसरच्या एका शेडमध्ये दोन जुन्या पिकअप गाड्या भंगारात निघाल्या होत्या; एक गोल नाकाची, दुसरी चौकोनी जबड्याची. आम्ही दोघेही अशा गाड्या जमवणारे, पण आमच्या सामायिक गॅरेजात जागा एकीचीच उरली होती. दुसरी गॅसकटरखाली जाणार होती. साडूंना गोल नाकाची हवी होती, मला चौकोनी. हँडलने जी सुरू होईल ती न्यायची, असे ठरले.

साडूंनी हँडल मारले. त्यांची गाडी मांजरीसारखी गुरगुरली. मग मी चौकोनीला मारले. इंजिनने उलट हिसका दिला, दांडा मागे फिरला आणि मनगटाचे हाड कातडी फाडून बाहेर आले. हिसक्यात हात अडकू नये म्हणून अंगठा दांड्याभोवती वळवायचा नसतो; मी वळवला होता, असे साडू सांगतात. साफ खोटे. अंगठा बाहेरच होता.

“घ्या साडूभाऊ! नवरीनं माळ घालायची सोडून कानफटातच दिली की!”

मी साडूंना हसू दिले. पण ते कटरवाल्याकडे वळले, “चलो भैया, काटो इसको.”

निळी ज्योत दाराला टेकली. रंगाला फोड आले.

“थांबवा,” मी म्हणालो. “मेलेलं इंजिन हात मोडत नाही. आत ठिणगी पेटली, म्हणून तर दांडा फिरला.”

“अहो, सुरू कुठे झाली? हरलात, बिल्कुल हरलात. काटो यार!”

तेव्हा मी दांडा डाव्या हातात घेतला आणि त्यांच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट आला. ते तोंडावर पडले, त्यांचे दोन दात त्यांच्याच लाडकीच्या बंपरवर निखळले. कटरवाला ज्योत टाकून पळाला. त्याच डाव्या हाताने मी पुन्हा हँडल मारले, आणि चौकोनी अशी गरजली की शेडचे पत्रे थरथरले.

वेदनेने माझे डोके फिरले, असे मेहुणी पाव्हण्यांना सांगते. डोके ठिकाणावर होते. गाडीने मला मारले, साडूंना मी. गॅरेजात चौकोनीच उभी आहे. तिच्या दारावरचे फोड मी रंगवू दिलेले नाहीत.