वामनच्या नावापुढचा शब्द

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही. तुम्हाला सांगतोय, पण दया दाखवायची नाही — दया पुष्कळ खाल्ली आहे मी.

गोवा राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. मराठी की कोकणी, यावरून डिचोलीत माणसं हमरीतुमरीवर येत. आमच्या खाणीच्या ऑफिसात मात्र दोन्ही मुक्या. तिथं चालायची इंग्रजी. मी टाइमकीपर, हजेरी नि रिपोर्ट लिहिणारा; जवळच्याच सर्वण गावचा, मराठी शाळेत शिकलेला. वामन खनिज वाहणारा टिपर चालवायचा — मूळचा सीमेपलीकडच्या बांद्याचा, बायको आणि दोन मुलं घेऊन डिचोलीत भाड्याच्या खोलीत. तोंडाचा फटकळ, मनाचा नव्हे. एकदा साहेबांची नोटीस वाचताना मी अडखळलो. सगळ्यांसमोर म्हणाला, "तुजा इंग्लीश म्हणजे जुनो टिपर रे. चढण इली की बंद!" सगळे हसले. मीही हसलो. हसलो — पण विसरलो नाही.

महिनाभरानं त्यानं भरलेला टिपर उतारावरून न्यायला नकार दिला. ब्रेक धरत नव्हते. मला ठाऊक होतं. साहेबांनी रिपोर्ट मागितला. ‘ब्रेक नादुरुस्त’ एवढं लिहिता आलं नसतं? मी लिहिलं — ‘इनसबॉर्डिनेट’. शनिवारी वामनला काढलं.

तो माझ्याकडे आला. काय लिहिलंस, म्हणाला. मी सांगितलं, ‘हाताखालचा कामगार’ असं लिहायचं होतं. सबॉर्डिनेट म्हणजे हाताखालचा, तसाच हाही शब्द असेल असं वाटलं. त्यानं माझ्याच पाठीवर हात ठेवला. "जाव दी. तुजा शिक्षण मराठीत, तुका खयसून कळतला?" मुलांची नावं शाळेतून काढून तो बांद्याला परतला.

तेव्हापासून हा किस्सा चालतो: बिचाऱ्या मराठीवाल्यानं इंग्रजीच्या नादात माणसाची नोकरी घालवली. मीही मान हलवतो. इतकी वर्षं! जिच्यासाठी मोर्चात घसा कोरडा केला, त्याच भाषेच्या पदराआड लपलो — तिला अडाणी ठरवून.

बिचारा? मी? तो शब्द मी डिक्शनरीत काढला होता. अर्थ वाचला: वरिष्ठांचा हुकूम न जुमानणारा. स्पेलिंग दोनदा ताडून पाहिलं. आधी वामनचं नाव लिहिलं, मग तो शब्द. त्या दिवशी माझी इंग्रजी चढणीवर बंद पडली नाही.